कोर्ट मार्शलने दिलेला 'बॅड कंडक्ट' शिक्का दयेच्या अर्जावर बदलावा का?

खाडीकाठ (सॅन डिएगो)

आमच्या शहरात अमेरिकन नौदलाचा मोठा तळ आहे. मी शनिवारी एका फुकट कायदा-मदत केंद्रात बसतो. वकील नाही मी. कागद लावून देणं, मुदती तपासणं, पत्रं टाइप करणं एवढंच माझं काम. तिथे येणाऱ्यांत मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ती कोर्ट मार्शलमधून 'बॅड कंडक्ट डिस्चार्ज' घेऊन बाहेर पडलेली माणसं. आपसात ते त्याला 'बिग चिकन डिनर' म्हणतात. आद्याक्षरं तीच, म्हणून.

ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन सैन्य सोडताना डीडी-२१४ नावाचा कागद मिळतो, त्यावर सेवा कशी संपली ते लिहिलेलं असतं. ऑनरेबल, जनरल आणि 'अदर दॅन ऑनरेबल' हे तीन प्रकार प्रशासकीय. बॅड कंडक्ट आणि डिसऑनरेबल हे दोन शिक्षेचे, आणि ते फक्त कोर्ट मार्शलच देऊ शकतं. डिसऑनरेबल तर फक्त जनरल कोर्ट मार्शल, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचं लष्करी न्यायालय. शिक्षा जनरल कोर्ट मार्शलची असेल तर माजी सैनिकांच्या बहुतेक सगळ्या सवलती कायद्यानेच बंद होतात. त्याखालच्या स्पेशल कोर्ट मार्शलची असेल तर माजी सैनिक खातं प्रकरण बघून ठरवतं. नोकरी देणारा मात्र दोन्हींत फरक करत नाही.

हा शिक्का बदलून घ्यायला दोन दारं आहेत. पहिलं डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड. तिथे १५ वर्षांच्या आत जावं लागतं आणि जनरल कोर्ट मार्शलवाल्यांना प्रवेशच नाही. दुसरं प्रत्येक दलाचं रेकॉर्ड दुरुस्ती बोर्ड. तिथे मुदत ३ वर्षांची, पण न्यायासाठी गरज वाटली तर बोर्ड ती माफ करू शकतं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: कोर्ट मार्शलने दोषी ठरवलं ते दोषीच राहतं. बोर्डाच्या हातात फक्त दया आहे, शिक्षा सौम्य करण्यापुरती.

माझं म्हणणं असं की ही दया आजच्यापेक्षा मोकळ्या हाताने मिळायला हवी. इराकमधून परतलेला, झोप न लागणारा, गोळ्या आणि गांजाच्या आहारी गेलेला विशीतला मुलगा. कोर्ट मार्शल झालं, काही महिने कैद भोगली. आज तो पन्नाशीकडे झुकलाय, व्यसन सुटून जमाना झाला, ट्रक चालवतो, लेकरं वाढवतो. कैदेची मुदत संपली, डिस्चार्जला मुदतच नाही. हिंसा नसलेल्या गुन्ह्यासाठी, इतक्या वर्षांनी, हे कुठवर चालू ठेवायचं?

सुभेदार_अपशिंगे

दादा, तळमळ समजली. तरीही मी विरोधात आहे, आणि का ते नीट सांगतो.

मी भारतीय पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सातारा जिल्ह्यातलं आमचं अपशिंगे, लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. इथे घराघरात फौजी आहे. पलटणीत एक जवान सुट्टीवरून वेळेत परत आला नाही की काय होतं, हे बाहेरच्याला कळत नाही. त्याची गार्ड ड्युटी कोणीतरी करतोच. त्या कोणाचीतरी सुट्टी रद्द होते. त्याच्या बहिणीचं लग्न हुकतं, बाप आजारी असला तर भेट हुकते. तो तक्रार करत नाही, मुकाट रायफल उचलतो. त्याला शेवटी काय मिळतं? 'ऑनरेबल' लिहिलेला एक कागद. तोच कागद वीस वर्षांनी अर्ज करून पळालेल्यालाही मिळणार असेल, तर ड्युटी केलेल्याच्या कागदाची किंमत काय राहिली?

दुसरं, कोणालाही एका चुकीवर हाकलत नाहीत. आमच्याकडे आधी समज देतात, मग शिक्षा, मग रेड इंक एंट्री, म्हणजे सेवेच्या नोंदीत लाल शाईचा शेरा. बरंच पाणी वाहून गेल्यावर बडतर्फी येते. आणि बडतर्फ झाला की पेन्शन नाही, कॅन्टीन नाही, काही नाही. हे कडक आहे हे मान्य. पण फौज उभी आहे ती त्या कडकपणावर.

वकीलीण_शिवाजीनगर

सुभेदारसाहेब, आदर ठेवून दोन ठिकाणी तुम्हाला अडवते.

चार रेड इंक एंट्री झाल्यावर घरी पाठवतात ती बडतर्फी नव्हे. तो लष्कराच्या नियम १३ खालचा प्रशासकीय डिस्चार्ज. सुप्रीम कोर्टाने २०१५ साली वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात स्पष्ट सांगितलं की चार एंट्री झाल्या म्हणून आपोआप काढता येत नाही. चौकशी करा, सेवेचा काळ बघा, कठीण भागात किती नोकरी केली ते बघा. ही दयाबुद्धीच झाली, नाही का?

आणि 'एका चुकीवर कोणी हाकलत नाही' हे सरसकट खरं नाही. आपल्या लष्करात समरी कोर्ट मार्शल आहे. त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो, आणि जवानाला बडतर्फ करून वर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. कागद नंतर वरिष्ठांकडे जातात, पण सुनावणीत जवानाच्या बाजूने वकील उभा राहतोच असं नाही. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैनिकांसाठीचं न्यायाधिकरण, २००९ साली सुरू होईपर्यंत अशा जवानाला कोर्टात दाद मागायची तर मुख्यतः रिट करणं हाच मार्ग होता. इतक्या थोड्या वेळात झालेला निकाल आयुष्यभर अढळ कसा मानायचा?

दयेची फट आपल्याकडेही आहे. आर्मी ॲक्टच्या कलम १७९ खाली शिक्षा माफ किंवा कमी करता येते. १९६१ च्या पेन्शन नियमावलीत नियम ११३ बडतर्फाला पेन्शन नाकारत होता, पण त्याच नियमात अपवादात्मक प्रकरणात राष्ट्रपतींना ती मंजूर करण्याची मुभा ठेवली होती. नियम लिहिणाऱ्यालाही हे दार पूर्ण बंद करावंसं वाटलं नाही.

सुभेदार_अपशिंगे

ताई, दुरुस्ती मान्य. दोन्ही एकत्र बोलून गेलो. पण 'अपवादात्मक' म्हणतात ना, ते अपवादच राहू देत. खाडीकाठ यांना तो नियम करायचा आहे.

मृणाल_नॉरफोक

मीही विरोधात, पण माझं कारण वेगळं आहे. मी व्हर्जिनियात नर्स आहे आणि नौदलात नोकरी केलेल्या अनेक बायकांना जवळून पाहिलंय.

खाडीकाठ, तुम्ही ज्या मुलाचं उदाहरण दिलंत तो सगळ्यात सोपा. गोळ्या, गांजा, कोणाला इजा नाही. पण बॅड कंडक्ट डिस्चार्ज मारहाणीसाठीही मिळतो, लैंगिक अत्याचारासाठीही मिळतो. बोर्डापुढे अर्जदाराची पंचवीस पत्रं असतात. पाद्र्याचं, मालकाचं, बायकोचं. जिच्यावर अत्याचार झाला तिचं पत्र असतंच असं नाही. कित्येकदा असा अर्ज आलाय हेच तिच्या गावी नसतं. एका बाजूची फाइल वाचून दया करायला मन कठोर लागत नाही.

दुसरी बाजूही मला ठाऊक आहे, ती लपवणार नाही. ज्या मुलींवर अत्याचार झाला, त्यांतल्याच काही नंतर दारूत बुडाल्या, न सांगता गैरहजर राहिल्या, आणि शिक्षा त्यांनाच झाली. संरक्षण खात्याच्या २०१७ च्या मार्गदर्शक पत्रात बोर्डांना सांगितलं गेलं की युद्धातला मानसिक आघात, मेंदूची इजा, लैंगिक अत्याचार यांचा त्या वागण्याशी संबंध असेल तर उदारपणे बघा. ते योग्यच झालं. म्हणून मला सरसकट दया नको, आणि सरसकट नकारही नको. आधी पीडितेला विचारा, मग ठरवा.

खाडीकाठ (सॅन डिएगो)

मृणालताई, तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. २५ जुलै २०१८ ला संरक्षण खात्याने बोर्डांसाठी जे पत्र काढलं त्यात दया देताना काय बघायचं याची यादी आहे: किती वर्षं लोटली, पश्चात्ताप आहे का, नंतरचं वागणं कसं, वय आणि आजारपण, चूक तरुणपणातली होती का. पीडित व्यक्तीचा पाठिंबा आहे की विरोध, हाही मुद्दा त्यातच आहे. हिंसा नसलेल्या गुन्ह्यांत सवलत जास्त योग्य, असंही ते पत्र म्हणतं. पण यादीत असणं वेगळं आणि कोणीतरी तिला फोन करून विचारणं वेगळं. ते व्हायला हवं, आणि बोर्डाने स्वतः करायला हवं.

सुभेदारसाहेब, ज्याची सुट्टी रद्द झाली त्याच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. पण त्याच पत्रात असंही म्हटलंय की ऑनरेबल डिस्चार्जसाठी निष्कलंक सेवा लागत नाही. म्हणजे ज्यांच्या कागदावर आज 'ऑनरेबल' आहे, त्यांच्याही फायलीत डाग असतातच. आणि कोणत्या डागाला किती महत्त्व द्यायचं, हे काळाप्रमाणे बदलत आलंय. समलिंगी संबंधांसाठी इथे कित्येकांना कोर्ट मार्शल झालं. २६ जून २०२४ ला राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी लष्करी कायद्यातल्या त्यासाठीच्या जुन्या कलमाखाली संमतीच्या संबंधांसाठी दोषी ठरलेल्यांना माफी दिली. एवढ्यानेही त्यांचा डिस्चार्ज आपोआप बदलला नाही. माफीचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग पुन्हा बोर्डाकडे अर्ज करायचा.

जुनी_कागदपत्रं

इतिहासातली तीन प्रकरणं इथे ठेवतो, कारण तिन्हींत प्रश्न हाच आहे.

१७ जुलै १९४४. कॅलिफोर्नियात पोर्ट शिकागो इथे दारूगोळा चढवताना स्फोट होऊन ३२० माणसं मेली. त्यांतली २०२ कृष्णवर्णीय. काही आठवड्यांनी पुन्हा तेच काम करायला सांगितल्यावर २५८ खलाशी नाही म्हणाले. ५० जणांना बंडासाठी दोषी धरलं. युद्ध संपल्यावर बहुतेकांना दया दाखवून सोडलं, पण दोषी असल्याचा निकाल तसाच राहिला. नौदलाने तो रद्द केला १७ जुलै २०२४ ला, ८० वर्षांनी.

दुसरं आपल्या मुंबईचं. १८ फेब्रुवारी १९४६ ला 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या केंद्रात नाविकांचा संप पेटला. निकृष्ट जेवण, अपमान, पगारातला भेद. शेकडो नाविकांना काढून टाकलं. स्वातंत्र्य आलं तरी त्यांना नौदलात परत घेतलं नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांची दखल घेतली गेली ती १९७३ साली. कुलाब्यात आज त्या उठावाचं स्मारक आहे.

तिसरं लाल किल्ल्यातला आझाद हिंद सेनेचा खटला. शाहनवाज खान, सहगल, धिल्लन यांना जन्मठेप, बडतर्फी आणि पगार जप्ती अशा शिक्षा झाल्या. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिन्लेक यांनी जन्मठेप माफ केली, बडतर्फी आणि पगार जप्ती मात्र कायम ठेवली. जन्मठेप सोडायला ते तयार झाले, बडतर्फी सोडायला नाही. शिक्क्याची ताकद किती ती इथे दिसते.

सुभेदार_अपशिंगे

पोर्ट शिकागो काय, 'तलवार' काय, तिथे माणसं चुकलीच नव्हती. त्यांच्यावर अन्याय झाला. अन्याय झाला असेल तर निकालच फाडून टाका, त्यांना दया कशाला मागायला लावता? तुमची उदाहरणं दयेची नाहीतच. ज्याने खरंच चोरी केली, खरंच पळाला, त्याच्याबद्दल बोलू.

माझा प्रस्ताव ऐका. उपचार द्या, पोटापुरतं द्या, बायकापोरांना उघड्यावर टाकू नका. नवऱ्याच्या बडतर्फीनंतर धुणीभांडी करून मुलं शिकवणाऱ्या बाया आमच्या गावातही आहेत, आणि त्यांचा काय गुन्हा? पण कागद आहे तसा ठेवा. घडलं ते घडलं.

वकीलीण_शिवाजीनगर

साहेब, अन्यायाचं आणि दयेचं दार वेगळं हवं, हे तत्त्व पटतं. अडचण अशी की अमेरिकेत १९५० च्या नव्या लष्करी कायद्यानंतर या बोर्डांना कोर्ट मार्शलचा निकाल फाडताच येत नाही. अपिलाचा काळ कधीच सरलेला. त्यामुळे ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याने खरंच चूक केली, दोघेही एकाच दयेच्या खिडकीवर रांगेत उभे राहतात.

तुमच्या प्रस्तावाच्या उलटं अमेरिकेने एकदा करून पाहिलंय. व्हिएतनाम युद्धाच्या काळात पळालेल्यांसाठी सप्टेंबर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी 'क्लेमन्सी डिस्चार्ज' नावाचा नवा कागद काढला. शिक्का बदलला, पण त्याने सवलतींचा हक्क मिळत नव्हता. कोणीच समाधानी झालं नाही. पळालेल्यांना तो अपुरा वाटला, लढून आलेल्यांना अपमान वाटला. तुम्ही म्हणता तसं, हक्क द्या आणि शिक्का ठेवा, हे मला त्याहून माणुसकीचं वाटतं.

खाडीकाठ (सॅन डिएगो)

मलाही वाटतं, आणि तेवढं जरी झालं तरी अर्धी लढाई जिंकली. पण नोकरीच्या अर्जात 'डीडी-२१४ जोडा' असं लिहिलेलं असतं तिथे उपचाराचा हक्क कामाला येत नाही. पन्नाशीच्या माणसाला कागदच अडवतो. म्हणून मी कागदावर अडून बसलोय. बॅड कंडक्टचा थेट ऑनरेबल करा असंही मी म्हणत नाही. मधे 'जनरल' आहे. तेवढा द्या.

मृणाल_नॉरफोक

हिंसा नसेल तर 'जनरल' मला चालेल. हिंसा असेल तर नाही, मग कितीही वर्षं होवोत.

पेणचा_मामा

आतापर्यंत नुसता वाचत होतो. माझा भाचा ग्रीन कार्डवर अमेरिकन नौदलात गेला. स्पेशल कोर्ट मार्शल, गैरहजेरी आणि नशेच्या गोळ्या, बॅड कंडक्ट. सैन्यसेवेच्या जोरावर नागरिकत्व मिळणार होतं, तेही गेलं. आता शुद्धीवर आहे, काम करतो. अर्ज करावा म्हणतो. काय लिहावं त्याने?

खाडीकाठ (सॅन डिएगो)

मामा, स्पेशल कोर्ट मार्शल असेल आणि १५ वर्षं झाली नसतील तर आधी रिव्ह्यू बोर्ड. तिथे नकार आला तर दुरुस्ती बोर्ड. 'मी निर्दोष आहे' असं भांडू नये, ते बोर्डाच्या हातात नाही. तेव्हाचे वैद्यकीय कागद, व्यसनमुक्तीचे दाखले, नोकरीचा सलग पुरावा, ओळखणाऱ्यांची पत्रं जोडावीत. पत्र लिहिणाऱ्याला गुन्हा ठाऊक आहे हे पत्रात दिसलं पाहिजे, नाहीतर त्याला वजन राहत नाही. नागरिकत्वाचं प्रकरण वेगळं आहे, त्यासाठी इमिग्रेशन वकील गाठाच.

सुभेदार_अपशिंगे

मामा, माझं मत बदललेलं नाही. बोर्डावर असतो तर बहुतेक नाहीच म्हटलं असतं. पण पोराला सांगा, आपली परवड लिहिण्याआधी त्याच्या जागी ड्युटी केली त्या माणसाबद्दल लिही. नाव आठवत असेल तर शोध, जमलं तर त्याच्याशी बोल. तसा अर्ज असता तर मी तो दोनदा वाचला असता.

वकीलीण_शिवाजीनगर

आणि मामा, १५ वर्षं मोजायची ती डिस्चार्जच्या तारखेपासून, कोर्ट मार्शलच्या निकालापासून नव्हे. अपील चालू असेपर्यंत त्यांना रजेवर ठेवतात, त्यामुळे दोन तारखांत बरंच अंतर असू शकतं. डीडी-२१४ वरची तारीख आजच बघायला सांगा.