मदत हवी आहे: घरी बांधलेल्या दोन सीटर गाडीत रोटरी इंजिन बसवायचंय, कोणतं घेऊ?

वाळूजकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

वाळूज एमआयडीसीत माझं दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आणि एका लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गेली अडीच वर्षं दर रविवारी मी आणि शेजारच्या गाळ्यातला फॅब्रिकेटर मित्र मिळून एक गाडी बांधायलोत. चौकोनी पाइपची फ्रेम, इंजिन पुढं, ड्राइव्ह मागच्या चाकांना. दारं नाहीत, टप नाही. फ्रेम, सस्पेन्शन आणि सीटा धरून भंगारवाल्याच्या काट्यावर ३१० किलो भरली. गाळ्यातली पोरं तिला 'खाट' म्हणतात. फोटो बघितला तर तुम्हीपण तेच म्हणाल.

इंजिन जिप्सीचं टाकायचं ठरलं होतं. मग एका रात्री १९९१ च्या ले मान्सचा व्हिडिओ बघितला. माझदाची ७८७बी, चार रोटरचं इंजिन. तो आवाज ऐकला आणि झोप गेली. आवाजाचं सोडा, पण रोटरी (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो ते इंजिन) हलकं असतं, बुटकं असतं, आणि माझं बॉनेट इतकं खाली आहे की पिस्टनचं इंजिन टाकायचं तर त्याला कुबड काढावं लागतं.

आता शोधाची गंमत ऐका. इथं माझदा म्हटलं की लोकांना स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो. पार्टच्या दुकानात विचारलं तर त्यानं ब्रेक लायनरच काढून दाखवलं. मला माझदाचं १३बी रोटरी हवं होतं. शेवटी मुंबईचा एक स्क्रॅपवाला फोनवर म्हणाला, "थर्टीन बी? आहे ना, चालू कंडिशन." मी रात्रीच्या गाडीनं गेलो. ताडपत्री उचलली तर खाली चार सिलिंडर! इंजिन जिप्सीचं, जी१३बी. माझदाचं १३०८ सीसी, मारुतीचं १२९८. तोही खोटं बोलला नव्हता, मीच पुढचं 'जी' विचारलं नव्हतं. वडापाव खाऊन परत आलो.

आतापर्यंत वाचून जे कळलं ते असं.

१२ए: माझदाच्या जुन्या आरएक्स-७ स्पोर्ट्स कारमधलं, ११४६ सीसी. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर, वायरिंगची कटकट नाही. पण सगळे नग चाळीस वर्षांचे.

१३बी टर्बो: दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चं, एकच टर्बो.

१३बी-आरईडब्ल्यू: तिसऱ्या पिढीचं, दोन टर्बो एकामागून एक चालणारे. १९९१ च्या शेवटी आलं तेव्हा २५५ पीएस, शेवटी शेवटी २८० पीएस. मनात हेच बसलंय.

रेनेसिस: आरएक्स-८ मधलं, टर्बो नाही. सहा पोर्टवालं (पोर्ट म्हणजे हवा आत घ्यायची भोकं) जपानी आकड्यात २५० पीएस, चार पोर्टवालं २१०.

२०बी: तीन रोटर. ह्याचं स्वप्नच बघायचं.

बजेट साडेपाच लाख, गिअरबॉक्स आणि ईसीयूसकट (ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर). (घरी तीन सांगितलेत.)

विचारायचंय ते असं. आपल्याकडच्या उन्हात हे टिकेल का? मे महिन्यात गाळ्यात पत्र्याखाली ४२ च्या वर जातं. दुसरं, रोटरच्या टोकाची एपेक्स सील मी माझ्या मशीनवर करू शकतो का? दोन मिलिमीटरची पट्टी तर आहे. आणि तिसरं, सेकंडहँड इंजिन घेताना बघायचं काय? पासिंगचं नंतर बघू.

लातूरचा मिस्त्री

वाळूजकर दादा, आधी सीलचं बोलतो, कारण तिथंच तुमचे पैसे बुडणारेत.

पट्टी तुम्ही कराल हो. मापात कराल, माझ्यापेक्षा चांगली कराल. पण ती पट्टी रोटर हाउसिंगच्या आतल्या क्रोमवर घासत फिरते. धातू जरा कडक पडला तर क्रोम खरवडतो, मऊ पडला तर सील झिजतं, ठिसूळ पडला तर तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि जाता जाता टर्बोची पाती घेऊन जातो. पट्टीचं माप कुणीही काढेल, तिचा मालमसाला आपल्याला गावायचा नाही. सील विकतच घ्या.

आणि आपली सवय काय? सिलिंडर झिजला, बोअर मारा, ओव्हरसाइज पिस्टन टाका, गाडी पळायला लागली. माझ्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं, मीही तेच करतो. रोटरीत हे चालत नाही. आतला आकार गोल नाही, कमरेत दाबलेला भोपळा समजा. त्याला बोअर नाही आणि ओव्हरसाइज रोटरही नाही. क्रोमचा पापुद्रा निघाला की हाउसिंग बदलायचं. म्हणून स्वस्तात मिळालं म्हणून उघडलेलं इंजिन आणू नका.

तपासायचं कसं? साधा कॉम्प्रेशन गेज लावून फसाल. रोटरला तीन बाजू, तिन्हींचं कॉम्प्रेशन वेगळं, आणि मोजायचं एकाच प्लगच्या भोकातून. साध्या गेजमधला व्हॉल्व्ह सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. म्हणजे दोन बाजू मेल्या आणि एक धडधाकट असली तरी गेज म्हणणार 'उत्तम'. रोटरीचा खास टेस्टर येतो, तो तिन्ही आकडे वेगळे देतो आणि किती आरपीएमला घेतले तेही सांगतो. हिशोब २५० आरपीएमचा असतो. रेनेसिसला कंपनीचा आकडा ८.५ किलो आणि खालची हद्द ६.९. इंजिन गरम असताना घ्यायचे.

टेस्टर नसेल तर गेजचा व्हॉल्व्ह दाबून धरा, स्टार्टर मारा आणि काटा बघा. टक, टक, टक, तिन्ही उड्या सारख्या पाहिजेत. टक, टक, फुस्स झालं तर चहा पिऊन घरी या.

बाकी रोटरी अगदीच परकं नाही बरं का. तुमच्या शेजारच्या नगरच्या व्हीआरडीईचा (संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था) निशांत ह्या बिनमाणसाच्या विमानाच्या ५५ हॉर्सपॉवरच्या वँकेल इंजिनात हात होता. आपण फक्त कधी गाडीत बघितलं नाही.

उदगीरकर (मुक्काम शारजा)

भाऊ, मी इकडं पार्टच्या धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट बोलतो.

२०बी विसरा. ते युनोस कॉस्मो ह्या एकाच गाडीत आलं, तेही फक्त ऑटोमॅटिकमध्ये. म्हणजे गिअरबॉक्सपासून पुन्हा शोध.

आरईडब्ल्यू तुमच्या मनात बसलंय, पण त्या दोन टर्बोंच्या व्हॅक्यूम नळ्या एकदा उघडून बघा, सुगरणीचं घरटं परवडलं. बहुतेक लोक ते सगळं काढून एकच मोठा टर्बो टाकतात. मग त्याला इंटरकूलर, वेगळे इंजेक्टर, वेगळा मॅप (ईसीयूतलं पेट्रोलचं सेटिंग). साडेपाच लाखांत हे बसत नाही. शिवाय टर्बोच्या रोटरीला नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) अजिबात सहन होत नाही. पिस्टनचं इंजिन खडखड करून आधी इशारा देतं, रोटरीचं सील एका फटक्यात जातं. आपल्याकडं आता सगळीकडं इ२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. (आपल्याच उसाचं इथेनॉल, तक्रार कुणाकडं करणार?) इथेनॉलनं नॉकिंग उलट कमी होतं, पण हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ तर इ२० ला साधारण १३.५. जुना मॅप तसाच ठेवला की इंजिन लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चाललंच म्हणून समजा. टर्बोवर लीन म्हणजे मौत.

तुमची गाडी सगळं धरून सहाशे-साडेसहाशे किलोत बसेल. तिला टर्बोची गरज काय? सहा पोर्टचं रेनेसिस घ्या, त्याच्या सहा गिअरच्या बॉक्सासकट. जिप्सीचा बॉक्स वाचवायला जाऊ नका. ईसीयू मात्र वेगळा टाका. आरएक्स-८ चा ईसीयू मूळ चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू करू देत नाही. नवा ईसीयू घेताना एवढं बघा की वरच्या आरपीएमला उघडणारे जादा पोर्ट तो उघडू शकतो. नाहीतर २५० चं इंजिन घेऊन २०० चं चालवाल.

लातूरचा मिस्त्री

उदगीरकरांचं पटतं, पण मी असतो तर १२ए घेतलं असतं. ईसीयू नाही, लॅपटॉप नाही. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवला की काम झालं. पैठणच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर लॅपटॉपवाला कुठून आणणार?

वाळूजकर

मिस्त्री, गाडी बंद पडली तर ढकलणारी आठ पोरं आहेत गाळ्यात. पण चाळीस वर्षांचं हाउसिंग झिजलं तर दुसरं कुठून आणू? तुमच्याच हिशोबानं १२ए कटाप.

उन्हाचं कुणी बोललंच नाही अजून.

उदगीरकर (मुक्काम शारजा)

ऊन मला शिकवताय? इकडं ४८ असतं.

पाण्याच्या रेडिएटरइतकंच ऑइल कूलरकडं बघा. रोटर आतून ऑइलनंच गार होतो, इंजिनची बरीच उष्णता ऑइलच वाहून नेतं. मॅन्युअल आरएक्स-८ ला पुढं दोन बाजूंना दोन ऑइल कूलर देतात, ते उगाच नाही. तुमच्या खाटेला नाक अरुंद आहे, आत्ताच जागा ठेवा. आणि हाउसिंग ॲल्युमिनियमचं, मधल्या प्लेटा बिडाच्या, लांब बोल्टनी सँडविचसारख्या आवळलेल्या. जास्त तापलं की दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात आणि मधली पाण्याची रबरी सील जातात. काटा एकदा लाल रेषेत गेला तरी 'थोडंच तापलं होतं' म्हणून सोडू नका. सकाळी गार इंजिन चालू करताना पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी दिसलं तर समजून जा.

सिडको एन-४

माझ्याकडून एवढंच. रोटरी ऑइल पितं, तो दोष नाही. सीलला वंगण म्हणून एक छोटा पंप सम्पमधलंच ऑइल आत सोडतो. बरेच जण तेवढ्यावर न थांबता टाकीत टू-स्ट्रोक ऑइल टाकतात, लिटरला ५ ते ८ मिली. वाळूजमध्ये हे कुणाला शिकवायची गरज नाही. चेतकच्या टाकीत ऑइल ओतून स्कूटर हलवत हलवत आपण मोठे झालो. फक्त त्या मापानं ओतू नका, प्लग काळे होतील.

आणि गार इंजिन चालू करून दोन फूट पुढं घेऊन लगेच बंद करायचं नाही. आत पेट्रोल साचून फ्लड होतं, मग बसा प्लग काढत. तुमची पोरं गाळ्यात हेच करणार, आधीच सांगून ठेवा.

नांदेडचा काळा कोट

'पासिंगचं नंतर बघू' वाचून राहवलं नाही. साहेब, नंतर काही बघायला उरत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं. मालकानं परवानगीशिवाय बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमच्या गाडीला तर मूळ कंपनीच नाही. जिप्सीची आरसी चिकटवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. तो वेगळाच गुन्हा होईल.

गाडी ट्रॅकची म्हणून ठेवा. ट्रेलरवर घाला आणि कोइम्बतूर नाहीतर चेन्नईचा ट्रॅक गाठा. दुसरं, वापरलेले पार्ट बाहेरून मागवणं मोकळं नाही, परवाना लागतो. उदगीरकर ओळखीचे असले तरी कंटेनरमध्ये इंजिन 'घालून' मागवू नका. आधीच देशात असलेलं आणि कस्टमची कागदं असलेलं बघा.

उदगीरकर (मुक्काम शारजा)

वकीलसाहेब, मी 'घालून' पाठवणारा वाटलो का? 😀 पण बरोबर बोललात.

खाटमालक व्हा

एवढा उद्योग करण्यापेक्षा जिप्सीचंच टाका की राव.

वाळूजकर

अपडेट. उशीर झाला, पाहुण्यांकडं लग्न होतं.

बंगळूरला एकाची ट्रॅकवर ठोकलेली आरएक्स-८ मोडीत निघाली होती. सहा पोर्टचं रेनेसिस, गिअरबॉक्स सोबत, कागदं पक्की, किंमत बजेटमध्ये. मालकानं साध्या गेजचा व्हिडिओ पाठवला, दोन्ही रोटरला ७.४. मी जवळजवळ पैसे टाकले होते. मग मिस्त्रींचं 'टक, टक, फुस्स' आठवलं. तिथल्या ओळखीच्या पोराकडं रोटरीचा टेस्टर होता, त्याला पाठवलं. इंजिन गरम करून २५० आरपीएमला धरून आकडे असे आले:

पुढचा रोटर: ७.४, ७.३, ७.४.
मागचा रोटर: ७.४, ७.२, ५.१.

तो ५.१ मालकालाही माहीत नव्हता, असं तो म्हणतो. खरं असेलही. उघडून हाउसिंग खराब निघालं तर काय, म्हणून सोडून दिलं. मिस्त्री, तुमचा पत्ता कळवा, केसर आंब्याची पेटी पाठवतो.

मग बसून विचार केला. ठरलं रेनेसिसच, पण चांगला नग सापडेपर्यंत थांबायचं. तोवर नाकात दोन ऑइल कूलरची जागा ठेवून, इंजिनाचे माउंट बोल्टवर सुटतील असे करून खाट एकदा चालवून तर बघू. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, काहीच अजून रस्ता सोडा, गाळ्याचं पटांगणही बघितलेलं नाही.

काल मुंबईच्या स्क्रॅपवाल्याला फोन लावला. म्हटलं, "ते थर्टीन बी आहे का अजून? जी-वालं?"

"आहे ना शेठ. पण आता पाच हजार जास्त."

बॉनेटला कुबड काढायलो. जिप्सीचा क्लच केबलचा मूळ रूट फ्रेमच्या आडव्या पाइपला लागतोय. तो वळवायचा की सरळ हायड्रॉलिक करायचा? कुणी केलंय का?