मुतखड्याच्या ओपीडीत तिशी-चाळिशीतले पुरुषच जास्त का दिसतात?

ऐरोलीकर (प्रश्न):
भावाच्या मुतखड्यामुळे ठाण्यातील एका रुग्णालयाच्या ओपीडीत वरचेवर जावे लागते. तेथील रांगेत रिक्षाचालक, रबाळे-महापे एमआयडीसीत भट्टीजवळ काम करणारे कामगार, वाशीच्या बाजार समितीतले माथाडी असे कर्ते पुरुषच बहुसंख्येने दिसतात. आमच्या सोसायटीत मात्र सगळे खापर नळाच्या पाण्यातील क्षारांवर फोडले जाते. तसे असेल तर त्याच नळाचे पाणी पिणाऱ्या घरच्या बायकांना हा त्रास कमी का?

निवासी डॉक्टर, मूत्ररोग विभाग:
आपली शंका रास्त आहे. नवी मुंबईला मोरबे धरणात साठवलेले पावसाचे पाणी मिळते. मुतखड्याचा दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न शरीरातून किती लघवी बाहेर पडते, हा आहे. घामावाटे पाणी गेले आणि ते भरून काढले नाही, की लघवी दाट होते व कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराचे स्फटिक धरू लागतात. बहुतांश खडे याच प्रकारचे असतात. दिवसातून किती वेळा लघवीला जाता, असे विचारले की अनेक रिक्षाचालक "सकाळी निघताना आणि रात्री घरी आल्यावर" असे सांगतात आणि तपासणीच्या बाटलीतली लघवी गडद पिवळी असते. याखेरीज सुटलेले पोट, मधुमेह, घरात कुणाला तरी पूर्वी झालेला मुतखडा, या गोष्टीही वारंवार आढळतात. मधुमेह्यांत युरिक ॲसिडचे खडे तुलनेने अधिक असतात.

घणसोलीची परिचारिका:
डॉक्टरांचे म्हणणे मान्य, पण ओपीडीतली रांग म्हणजे सगळा समाज नव्हे. कळ असह्य झाली की पुरुष रजा टाकून येतो. बाई अंगावर काढते. लोकलने कामावर जाणाऱ्या कितीतरी जणी वाटेत स्वच्छ शौचालय नाही म्हणून मुद्दामच पाणी पीत नाहीत. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये संसर्गातून होणारे खडे दिसतात आणि ते मूत्रपिंडात मोठे होईपर्यंत फारसे दुखतही नाहीत.

ऐरोलीकर:
भावाचा खडा 4 मिलिमीटरचा आहे. घरच्यांनी त्याचे दूध बंद करून कुळथाचा काढा सुरू केला आहे. हे योग्य आहे का?

निवासी डॉक्टर, मूत्ररोग विभाग:
दूध बंद करू नये. जेवणातले कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते, म्हणून ते लघवीत कमी उतरते. कॅल्शियम तोडले तर उलट धोका वाढतो. कमी करायचे ते मीठ, म्हणजे लोणचे, पापड, फरसाण. कुळथाच्या काढ्याने पोटात पाणी जाते एवढे खरे, पण त्यावर विसंबून सोनोग्राफी टाळू नये. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. दिवसाला किमान 2 ते 2.5 लिटर लघवी होईल इतके पाणी त्याने प्यावे. लघवी गाळणीतून करावी आणि खडा पडला तर तो फेकून न देता तपासणीसाठी आणावा, कारण सुमारे निम्म्या रुग्णांना दहा वर्षांत पुन्हा खडा होतो. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, तर मात्र ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता तातडीने दाखल करावे.