हस्कीच्या पिल्लासाठी पुराणातलं नाव सुचवा, नर-मादी दोघांना चालेल असं

एडमंटनची_जुई:
नमस्कार मंडळी, आम्ही कॅनडात एडमंटनला असतो आणि पुढच्या महिन्यात घरी हस्कीचं पिल्लू येतंय. रेस्क्यूवाल्यांकडे एक हस्की आई आणि तिची पिल्लं आहेत, त्यातलं आम्हाला कुठलं द्यायचं ते स्वभाव बघून तेच लोक शेवटी ठरवणार, म्हणजे नर की मादी हेही आत्ता माहीत नाही. पण लेकीला नाव आत्ताच हवंय, खोलीच्या दारावर पाटी लावायची म्हणून तिने पुठ्ठासुद्धा कापून ठेवलाय.

नावामागे गोष्ट हवी, आपल्या पुराणातली असो नाहीतर दुसऱ्या कुणाच्या. सांगलीला आईबाबांना व्हिडिओ कॉलवर हाक मारता यायला हवी आणि इथल्या शेजाऱ्यांनाही. फक्त देवाचं थेट नाव नको, कुत्र्यावर आपण दिवसभर ओरडतो, "खाली उतर, चपला सोड", त्यात देवाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही आणि सासूबाईंना तर ते फार लागेल. लोकी, फेनरीर, झ्यूस इथल्या डॉगपार्कात सारखं कानावर येतं, ती सोडून सांगा. माझ्या मनात सरमा, ती इंद्राची कुत्री, आहे, पण नर निघाला तर?

पोथीवाला_नाशिक:
जुईताई, सरमा मनात आली म्हणजे तुम्ही योग्य घरात शिरलायत, फक्त अजून एक दार उघडा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 108 वं सूक्त म्हणजे सरमा आणि पणींचा संवाद. पणी म्हणजे इंद्राचे शत्रू, त्यांनी गाई लपवल्यात, इंद्राची दूत म्हणून सरमा रसा नदी ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचते, ते तिला म्हणतात आमची बहीण हो, गाईंत वाटा देतो, आणि ती साफ नाही म्हणते. त्या सूक्तात तिला कुत्री असं म्हटलेलं नाही, ते पुढच्या ग्रंथांत येतं, पण माग काढत इतक्या लांब जाणारी आणि लाच न खाणारी ही बाई मला फार आवडते.

आता तिची मुलं बघा. त्याच मंडलात 14 व्या सूक्तात यमाच्या वाटेवरचे दोन कुत्रे आहेत, सारमेय म्हणजे सरमेची पोरं, आणि त्यांना म्हटलंय "चतुरक्षौ शबलौ", चार डोळ्यांचे आणि ठिपकेदार. पुढे त्यांची श्याम आणि शबल अशी नावंच पडली. हस्कीच्या डोळ्यांवर भुवईच्या जागी ते दोन फिकट ठिपके असतात ना, लांबून बघितलं की चार डोळे वाटतात, मी तर हस्कीचा फोटो पाहिला की हेच सूक्त आठवतो. माझं मत सरळ शबलला.

मायबोली_मिनू:
नाव गोड आहे पण यमाचा कुत्रा?? आमच्या घरी आजीला कळलं असतं तर तिने उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. ताई, सांगलीला आधी विचारून घ्या, मागाहून कुणीतरी नातेवाईक सांगणारच. मी म्हणेन मेरू. पर्वताचं नाव, त्यात बाई-पुरुष काही नाही, आणि आपल्याकडे सोनू, चिकू, पिंकू ही ऊकारान्त लाडाची नावं मुलगा-मुलगी कुणालाही चालतात तसं मेरूही चालेल. जपमाळेतला मेरुमणी आजी लोकांना माहीत असतो, त्यामुळे समजावत बसावं लागणार नाही.

पोथीवाला_नाशिक:
मिनू, तुमचं म्हणणं कळतं, पण ते कुत्रे तिथे कुणाला फाडून खायला बसलेले नाहीत, ते वाट राखतात. त्याच सूक्तात यमाला विनवलंय की या माणसाला त्या दोघांच्या हवाली कर आणि याचं भलं कर. पारशी लोकांत सगदीद म्हणून विधी आहे, मृतदेह कुत्र्याला दाखवायचा, आणि त्यांच्या जुन्या ग्रंथातही तो कुत्रा चार डोळ्यांचाच सांगितलाय. म्हणजे हा फार जुना विश्वास आहे, कुत्रा शेवटपर्यंत सोबत करतो हा.

आणि आजीला सांगायला दुसरी गोष्ट आहेच की! वाल्मीकि रामायणात बालकांडात वसिष्ठांची जी कामधेनू आहे तिचं नाव शबला. विश्वामित्र, तेव्हा ते राजे होते, तिच्या बदल्यात हत्ती, रथ, हजारो गाई देऊ करतात, वसिष्ठ देत नाहीत, विश्वामित्र तिला जबरदस्तीने ओढून नेऊ लागतात तर ती हंबरत वसिष्ठांकडे परत येते, मला टाकलंत का म्हणून विचारते आणि त्यांनी सांगितल्यावर सैन्यच्या सैन्य निर्माण करते. म्हणजे इकडे कुत्रा, तिकडे गाय, नाव एकच. नर आला तर शबल, मादी आली तर शबला, आणि घरात दोघांनाही शबूच म्हणणार तुम्ही.

युकॉनचा_वारा:
मी व्हाइटहॉर्सला असतो. तुम्हाला इथे कुणीतरी सिला सुचवेलच म्हणून आधीच सांगतो. इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधले मूळ रहिवासी, त्यांच्यात सिला म्हणजे हवा, श्वास, बाहेरचं सगळं आकाश, त्याला रूप नाही, स्त्री-पुरुष नाही, त्यामुळे तुमच्या अटीत ते एकदम बसतं. पण मी ते ठेवणार नाही. एक तर सैबेरियन हस्की इनुइटांचा कुत्राच नाही, तो ईशान्य सैबेरियातल्या चुकची लोकांनी वाढवला आणि 1909 मध्ये नोमच्या शर्यतीत उतरला तेव्हा कुठे अलास्कात लोकांनी त्याच्याकडे बघितलं. दुसरं, इनुइटांचे स्वतःचे स्लेडचे कुत्रे गेल्या शतकाच्या मध्यावर पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणात मारले, नुनाविकच्या, म्हणजे क्वेबेकच्या उत्तरेकडच्या, इनुइटांची कॅनडाच्या केंद्र सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती 2024 मध्ये. ज्यांचे कुत्रे गेले त्यांच्या श्रद्धेतला शब्द आपण हौसेने उचलायचा हे मला बरं वाटत नाही. ज्याला पटतं त्याने ठेवावं.

नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या, पुराणातून घ्यायचंच तर स्काडी बघा, डोंगरातल्या बर्फात स्कीवर शिकार करणारी, नवऱ्याच्या समुद्रकाठच्या घरी सीगल्सच्या आवाजाने झोप लागेना म्हणून परत डोंगरात गेलेली. आहे बाईच, पण इथे ऐकणाऱ्याला नावावरून तसं काही कळत नाही.

श्वानमित्र_सई:
गोष्टी वाचून मजा आली, आता मी जरा कामाचं बोलते, मी कुत्र्यांना ट्रेनिंग देते. हस्की पळतो. लीश सुटली की तो वास घेत, वारा घेत निघतो, आणि हाकेला परत येणं त्याच्याकडून पक्कं करून घेणं हे सगळ्यात अवघड काम, त्यामुळे ही हाक आयुष्यभर मोकळ्या मैदानात मारायची आहे हे धरून चाला. दोन अक्षरी, शेवटी स्वर असलेलं नाव लांबवता येतं, "मेरूऊऊ", "शबूऊऊ". नुसतं शबल म्हणाल तर शेवटचा ल वाऱ्यात जातो. स्काडी ठीक आहे. सिट, स्टे, नो यांच्याशी जुळणारं काही नको, सिला त्यातच मार खातं, अर्धा शब्द होईपर्यंत पिल्लू खाली बसलेलं असेल.

एडमंटनची_जुई:
सगळ्यांचे मनापासून आभार, युकॉनच्या दादांचे विशेष, ते मारलेल्या कुत्र्यांचं मला काहीच माहीत नव्हतं आणि इथे राहून ते माहीत असायला हवं.

काल सांगलीला फोन केला. बाबांना चार डोळ्यांचं आवडलं, आई यमाच्या नावाने गप्प झाली, मग तिला वसिष्ठांची शबला सांगितली तर म्हणाली ही मला माहितीये, आमच्या लहानपणी कीर्तनात ऐकलीये, आणि पुढची सगळी गोष्ट नातीला तिनेच सांगितली. पिल्लांना सध्या घरी सांभाळणाऱ्या फॉस्टरवालीने पाठवलेल्या फोटोत सगळ्या पिल्लांना ते भुवईचे ठिपके आहेत, एकाचा एक डोळा निळा आणि एक तपकिरी. शबल पक्कं, हाक शबू. सईताई, तिथे त्यांनी पिल्लांना तात्पुरती नावं ठेवलीत, त्याने गोंधळ होईल का?

श्वानमित्र_सई:
नाही होणार, इतक्या लहान वयात पटकन बदलतं. फॉस्टरवालीलाच सांगा की आतापासून सगळ्याच पिल्लांना खायला घालताना शबू म्हण, कुठलंही आलं तरी त्याच्या कानावरून गेलेलं असेल. घरी आल्यावर शबू म्हणायचं, वळून बघितलं की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, दिवसातून बऱ्याचदा पण थोडा थोडा वेळ. आणि निदान सुरुवातीचे काही महिने रागावताना नाव घ्यायचं नाही, चपला चावल्या तरी नाही, लेकीलाही तसं सांगून ठेवा.