'अल्ट्रासाउंड-गायडेड एपिड्यूरल' मराठीत कसे लिहावे?

प्रश्न : प्रसूतीच्या वेळी कळा कमी करण्यासाठी कमरेतून देतात त्या एपिड्यूरलच्या माहितीपत्रकाचे मराठीकरण करीत आहे. 'अल्ट्रासाउंडच्या मार्गदर्शनाखाली दिलेले एपिड्यूरल' असे लिहिले, पण ते खटकते. पर्याय सुचवावा. एपिड्यूरलसाठी 'अधिदृढतानिकी' चालेल का?

उत्तर : 'मार्गदर्शनाखाली' हा शब्द प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शोभतो, सुईला नाही, शिवाय तो अर्थाचीही दिशाभूल करतो, कारण तो वाचून भूलतज्ज्ञ पडद्याकडे पाहत पाहत सुई आत सरकवतात असे चित्र उभे राहते. ती पद्धत आहे, पण विरळा. प्रसूतिकक्षात बहुधा असे होते की, स्त्रीला पाठीला बाक देऊन बसवतात, कमरेवर सोनोग्राफीचा प्रोब (यंत्राचा हातात धरायचा भाग) फिरवून मणक्यांची मध्यरेषा आणि दोन मणक्यांमधली फट शोधतात, त्वचेवर पेनाने खुणा करतात, आत औषध सोडायची जागा किती सेंटिमीटर खोल असेल याचा अंदाज घेतात आणि प्रोब बाजूला ठेवतात. पुढे सुई नेहमीच्याच रीतीने जाते, म्हणजे सिरिंजच्या दट्ट्याला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाल्याचे हाताला कळेपर्यंत. म्हणून 'सोनोग्राफीने जागा हेरून दिलेले एपिड्यूरल' असे म्हणावे. नुसत्या बोटांनी चाचपून फट ओळखणे किती अवघड असते, हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसले : एमआरआयशी ताडून पाहता भूलतज्ज्ञांनी सांगितलेली फट केवळ 29 टक्के वेळा बरोबर निघाली.

'अल्ट्रासाउंड'ला 'स्वनातीत' म्हणू नये. तो शब्द ध्वनीहून वेगवान विमानाचा. 'श्राव्यातीत' अचूक आहे, पण बाळंतिणीच्या नातेवाइकांना 'सोनोग्राफी'च कळेल. मात्र गरोदरपणात सोनोग्राफी म्हटले की ती पोटातल्या बाळाचीच असे सगळे धरून चालतात, तेव्हा 'कमरेच्या मणक्यांची सोनोग्राफी' असे पूर्ण लिहावे.

'अधिदृढतानिकी' व्युत्पत्तीने बरोबर आहे, कारण मज्जारज्जूभोवतीच्या दृढतानिका या आवरणाच्या बाहेरची ती जागा. तरीही पत्रकात 'एपिड्यूरल'च ठेवावे. 'कमरेतले इंजेक्शन' सुटसुटीत खरे, पण सिझेरियनच्या वेळी कमरेतूनच देतात त्या 'स्पायनल' भुलीलाही लोक तेच म्हणतात. आणि 'प्रसूतिवेदना'ऐवजी 'वेणा' किंवा 'कळा' लिहिल्यास उत्तम. 'वेणा' हे 'वेदना'चेच प्राकृतातून आलेले रूप असून ते या एकाच दुखण्यासाठी राखलेले आहे. असा शब्द घरात असताना बाहेर कशाला जावे?

आक्षेप : 'हेरून' या शब्दाला गुप्तहेराचा वास येतो. 'जागा निश्चित करून' का नको?

उत्तर : 'निश्चित' फार मोठे आश्वासन देते. पडद्यावर दिसते तो अंदाज असतो. खात्री शेवटी हातालाच होते. 'हेरून' नको असेल तर 'जागेची खूण करून' घ्यावे.

प्रश्नकर्ती : आभार. आता वाक्य असे केले आहे : 'आधी कमरेच्या मणक्यांची सोनोग्राफी करून त्वचेवर जागेची खूण करतात, मग सलाईन भरलेली सिरिंज सुईला जोडून एपिड्यूरलची जागा शोधतात व तेथे बारीक नळी ठेवतात.'

उत्तर : खूण ठीक. 'सलाईन' तेवढे बदलावे. मराठीत सलाईन 'लावतात', आणि ते बाटलीतून हाताच्या शिरेत जाते. 'मिठाचे निर्जंतुक पाणी' लिहावे.