ब्रिटिश नट पीट पॉसलथ्वेट: याचं आधीचं काम कुठून बघायला सुरू करू?

परभणीकर_नाट्यवेडा: काल इन्सेप्शन परत बघितला. पलंगावर मरायला टेकलेला म्हातारा बाप, दोन-चार मिनिटांचं काम, पण नजर हटत नाही राव. आमचा राज्य नाट्यचा ग्रुप आहे, पोरांना दाखवायचंय, काय काय दाखवू?

लातूरची_रसिका: इन द नेम ऑफ द फादर, १९९३. निर्दोष असून तुरुंगात सडणारा बाप. आवाज चढवत नाही कुठंच, खोकला नि ते बारीक झालेलं अंग, बस. त्यालाच ऑस्कर नॉमिनेशन होतं, सहाय्यक अभिनेत्याचं.

संभाजीनगर_तालीम: भाऊ, सिनेमाच्या आधी त्याचं नाटक समजून घ्या. इंग्लंडातल्या वॉरिंग्टनचा पोरगा, आधी मास्तर होता, मग ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत शिकला आणि सत्तरच्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात, जिथं ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस असे सगळे नट एकत्र घडत होते. आणि मला सगळ्यात भारी हे वाटतं की एवढं नाव झाल्यावर २००८ ला किंग लिअर करायला तो परत त्याच एव्हरीमनला आला, लंडनला नंतर गेलं ते. जानेवारी २०११ ला गेला, कॅन्सरनं, ६४ वर्षांचा.

परभणीकर_नाट्यवेडा: लै भारी दादा. हलकंफुलकं काही?

लातूरची_रसिका: ब्रास्ड ऑफ. कोळसा खाण बंद पडायलीय आणि हा कामगारांच्या बँडचा म्होरक्या. हसवतो पण शेवटचं भाषण पोरांना नक्की दाखवा.