पहिली एरर आधी काढा

म्हापशातल्या होमस्टेच्या साइटला डब्ल्यूथ्रीसी व्हॅलिडेटरने (वेबपानाचा एचटीएमएल कोड तपासणारं साधन) ढीगभर एरर दाखवल्या म्हणून या धाग्यात वर कोणी साइटची थीमच (तयार डिझाइन) बदलायला सांगितलीय, ते नका करू ओ, आधी सगळ्यात वरची एरर तेवढी दुरुस्त करून परत चेक करा, एक डिव्ह (पानाचा एखादा भाग बांधणारा टॅग) बंद करायचा राहिला की खालच्या कितीतरी एरर त्याच्याच पोटातून येतात. ब्राउझर काय, अशा चुका गपचूप सांभाळून घेतो. एकच आयडी (कोडमधलं घटकाचं नाव, पानावर एकदाच यायला हवं) दोनदा आलाय ते मात्र बघाच, बुकिंग फॉर्ममधे 'फोन'च्या लेबलवर क्लिक केलं की कर्सर भलत्याच रकान्यात जाऊ शकतो. आणि पान मराठीत असून लँग (कोडमधे पानाची भाषा सांगणारी खूण) 'ईएन' म्हणजे इंग्रजी आहे, ते 'एमआर' म्हणजे मराठी करा, नाहीतर स्क्रीन रीडर (अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला बघतो. टॅगच्या शेवटच्या स्लॅशबद्दल (/) व्हॅलिडेटर ज्या सूचना देतो त्या सोडून द्या, एरर नव्हेत त्या.