लाल कोट आणि ढोलकरी
वॉटर्लूच्या लढाईतल्या (१८१५) ब्रिटिश पायदळाचे छोटे पुतळे रंगवताना लाल कोट काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) मळकट का दिसतात, असं एकाने विचारलंय. दिसणारच! लाल रंग खालचा काळा झाकायला कमी पडतो. आधी तपकिरीचा एक हात द्या, मग लाल. वॉश (पातळ गडद रंग) फक्त घड्यांत. छातीवरचे पट्टे करड्याने रंगवून मधोमध पांढरी रेघ ओढली की २८ मिमी उंचीच्या पुतळ्यावरही उठून दिसतात.

आणि ढोलकऱ्यांना सरसकट लाल देऊ नका. त्यांचे कोट तेव्हा उलट्या रंगाचे, म्हणजे रेजिमेंटच्या कॉलर-कफच्या रंगाचे असत: २८व्या रेजिमेंटची कॉलर-कफ पिवळी, म्हणून ढोलकरी पिवळ्या कोटात. निळ्या कॉलरच्या 'रॉयल' रेजिमेंटमध्ये मात्र ढोलकऱ्याचा कोटही लालच. अख्ख्या बटालियनमध्ये मला हा ढोलकरीच रंगवायला आवडतो, बाकीची सगळी हमालीच.